सिक लाइनवरची डिस्क

सत्यशीलाबाई नंदागवळींविषयी दोन पानं लिहून द्या, असं विहाराच्या महिला मंडळाने सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. चरोद्याच्या रेल्वे यार्डात मी पस्तीस वर्षं ट्रेन क्लार्क होतो. वॅगनचा नंबर, कुठून आली, कुठे जाणार, एवढंच काय ते माझं लिखाण. मग घरी येऊन विचार केला. मंडळातल्या बायांना बुद्धपौर्णिमेला मोठ्या गंजात खीर रांधणाऱ्या सत्यशीलाबाई माहीत आहेत. मागच्या वर्षी ऑगस्टात त्यांनी आमच्या घरासाठी जे केलं ते मला, माझ्या बायकोला आणि सुपेल्याच्या बबलूलाच माहीत आहे. मी लिहिलं नाही तर ते कोणी लिहिणार नाही, म्हणून बसलो.

आधी त्यांच्या कानाबद्दल सांगायला हवं.

त्यांचे यजमान कॅरेज-वॅगन खात्यात फिटर होते. कावीळ होऊन ते वारले तेव्हा मुलगी, मोनाली, दोन वर्षांची होती. त्यांच्या जागी सत्यशीलाबाई खलाशी, म्हणजे फिटरच्या हाताखालच्या मदतनीस, म्हणून लागल्या. त्या काळी आमच्या यार्डात बाई म्हणजे चहा आणणारी, फाइली झाडणारी. पहिले आठ महिने त्यांनी तेच केलं. पण किटली घेऊन उभ्या गाड्यांमधून जाता-येता त्या हातोडीचा आवाज ऐकत. गाडी आली की फिटर दोन्ही बाजूंनी चालत जातो, प्रत्येक चाकावर हातोडी मारतो आणि कान देतो. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं. तडा गेलेलं चाक फुटक्या माठासारखं बोलतं. एक दिवस किटली साहेबांच्या टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "साहेब, मी फिटरच्या जागेवर आली. कँटीनच्या जागेवर नाई. मले हातोडी द्या."

हातोडी मिळायला दोन वर्षं लागली आणि खात्याच्या परीक्षेला तीन खेपा. फॉर्म मी भरून देत असे. दोनदा त्या लेखीत नापास झाल्या. दोन्ही वेळा निकालाच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या खिडकीशी येऊन उभ्या. "शामरावभाऊ, पुढचा फॉर्म कधी निंगते?"

एकदा कोळशाची गाडी निघायच्या बेतात होती. सिग्नल झाला होता. सत्यशीलाबाई शेवटून सातव्या वॅगनपाशी थांबल्या, पुन्हा हातोडी मारली आणि लाल झेंडी घेऊन उभ्या राहिल्या. सगळे ओरडले. त्या हलल्या नाहीत. तासाभराने चाक खरवडून पाहिलं तर आतल्या बाजूला केसाएवढा तडा होता. यार्डात बिघडलेल्या वॅगनला आम्ही सिक म्हणतो. तिच्यावर खडूने खूण होते, मी लेबल लावतो आणि ती वेगळ्या रुळावर, सिक लाइनवर, दुरुस्तीला जाते. त्या दिवशी मी लेबल लावत असताना सत्यशीलाबाई त्या वॅगनला हात लावून म्हणाल्या, "जा बाई. सिक म्हंजे मेली नाई."

आता मागच्या ऑगस्टाची गोष्ट.

माझ्या बायकोला, रमाला, तरुणपणी क्षय झाला होता. औषधाने बरा झाला, पण फुप्फुसं कायमची कमजोर राहिली. मागच्या पावसाळ्यात तिचा खोकला जाईना म्हणून स्कॅन केला. डॉक्टरांनी पडद्यावर उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला एक पांढरा डाग दाखवला. अकरा मिलिमीटरचा.

ते म्हणाले, हा डाग जुन्या क्षयाचा व्रण असू शकतो किंवा नवी गाठ असू शकते. नुसतं पाहून सांगता येत नाही. पाठीतून सुई घालून तुकडा काढावा लागेल. तिची फुप्फुसं पाहता सुईने त्रास होऊ शकतो, फुप्फुस बसूही शकतं, हेही त्यांनी लपवलं नाही. मग विचारलं, "आधी कधी स्कॅन केला होता?"

केला होता. आठ वर्षांपूर्वी न्यूमोनिया झाला तेव्हा आणि त्यानंतर वर्षाने पुन्हा एकदा. डॉक्टर खुर्चीत पुढे झाले. जुन्या स्कॅनमध्ये हाच डाग याच आकाराचा दिसला तर सुईची गरज नाही, म्हणाले. मी पिशवीतून दोन्ही डिस्का काढून दिल्या. कागदी रिपोर्टही दिला, पण त्यात फक्त 'दोन्ही बाजूंना जुने व्रण' एवढंच होतं. कुठे, केवढे, काही नाही. ज्या सेंटरमध्ये स्कॅन झाला ते कधीच बंद पडलं होतं.

तिथल्या कॉम्प्युटरने पहिली डिस्क आत घेतली, घरघर केली आणि बाहेर टाकली. दुसरीचंही तेच. तीनदा घालून पाहिल्यावर डॉक्टर म्हणाले, सुई सोमवारी सकाळची ठरवू. मी शनिवारी दुपारी एकपर्यंत इथे आहे. त्याआधी डिस्क चालली तर आणा.

तो गुरुवार होता.

घरी आल्यावर मी दोन्ही डिस्का पुन्हा कापडात गुंडाळायला लागलो. रमाच म्हणाली, "होऊन जाऊ द्या जी सुई. दुनिया करते." पण ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. चाळीस वर्षांत मी ते तीन-चार वेळाच पाहिलं आहे.

शेजारच्या सत्यशीलाबाई संध्याकाळी निकाल विचारायला आल्या. निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "डिस्क चालत नाई म्हंजे का होते?"

"आत घेते, घरघरते, बाहेर टाकते."

"घरघर कशी? सारखी का थांबून थांबून?"

मला सांगता येईना. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी वॅगनचा नंबर विसरलो होतो. "चला," म्हणाल्या, "सुपेल्याले. बबलूचं दुकान आठपर्यंत उघडं असते. घरात जेवढ्या डिस्का असन तेवढ्या घ्या."

बबलू आमच्याच रेल्वे कॉलनीत वाढलेला. आता चाळिशीचा आहे, सुपेला चौकातल्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मराठी घरात बोलतो, दुकानात अर्धी हिंदी येते. त्याने छातीच्या दोन्ही डिस्का लावून पाहिल्या. तीच घरघर, तोच निकाल.

"काकाजी, मर गई है ये. इतकी जुनी डिस्क आहे, होता है."

"तू पाह्यलं का मेली म्हनून?" सत्यशीलाबाई म्हणाल्या. "का नुसतं तोंड पाहून सांगून राहिला?"

"मौसी, मशीन वाचत नाही म्हणजे..."

"माया कारकिर्दीत अशी शंभर मेली पाह्यली. दुसरी लाव."

मी रमाच्या गुडघ्याच्या दोन डिस्का नेल्या होत्या. त्या लागल्याबरोबर चालल्या. पडद्यावर गुडघा आला.

सत्यशीलाबाईंनी बाकड्यावरून उठून खुर्ची पुढे ओढली. "गुडघा चालते. छाती चालत नाई. मंग रूळ खराब का चाक?"

"म्हणजे?"

"म्हंजे तुया डब्बा खराब का हिची डिस्क? छातीवाली पुन्हा लाव. अन ते लांबवालं पेचकस दे."

पेचकसाचं, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं, टोक त्यांनी ड्राइव्हच्या पत्र्यावर ठेवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. गल्लीतून मोटरसायकली जात होत्या. बबलूने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. मी जमिनीकडे पाहिलं.

"बेअरिंग गेलं हाय तुया डब्ब्याचं," त्या म्हणाल्या. "डुगडुग डुगडुग करते."

बबलूने दुसरा ड्राइव्ह जोडला. त्यातही तोच आवाज. मग माळ्यावरून धूळ झटकून तिसरा काढला. तोच.

"मौसी, तीनों की बेअरिंग एकसाथ गई क्या? तिघं एकाच पंगतीत जेवले होते का?"

मला वाटलं, आता या चिडतील. त्यांनी पेचकस खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "नाई. चुकली मी. डब्ब्यात नाई, डिस्कमंदी हाय." आणि लगेच पुन्हा पेचकस कानाला. "हे पाय. सुरू होते तवा बरी चालते. चाल वाढली का डुलाले लागते. मंग तुया डब्बा तिले थांबवते, पुन्हा पळवते, पुन्हा डुलते. तीनदा झालं का हाकलून देते. गुडघ्याची लाव. ...हे पाय. ही केवढी बी पळवा, सरळ."

बबलूने डिस्क ट्यूबलाइटखाली धरली. ओरखडा नव्हता. मी डिस्का मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवतो. "शीशे जैसी साफ है," तो जरा हळू आवाजात म्हणाला. "मग कावून डुलते मौसी?"

"ते पाहाचं हाय."

परतीच्या ऑटोत त्या डिस्का हातात घेऊन बसल्या. घरी आल्यावर रमाने चहा ठेवला. सत्यशीलाबाईंनी माझ्या टेबलावरची पेन्सिल आडवी धरली आणि गुडघ्याची डिस्क तिच्यात अडकवली. बोटाने जिथे फिरवून सोडली तिथे ती थांबली. मग छातीची अडकवली. ती डुलली, फिरली आणि लेबल खाली घेऊन उभी राहिली. त्यांनी लेबल वर केलं, सोडलं. पुन्हा लेबल खाली. बाजूला केलं. पुन्हा खाली.

"हे लेबल कोनं चिकटवलं?"

मी म्हणालो, "मी."

गुडघ्याच्या डिस्कांवर सेंटरने नाव छापून दिलं होतं. छातीच्या दोन्ही कोऱ्या होत्या. नाव नसलेली वस्तू मला घरात ठेवता येत नाही. यार्डात नाव नसलेली वॅगन हरवते. मी मोनालीच्या लग्नाच्या पत्रिकेतून चौकोन कापले होते, छापील बाजू खाली करून डिंकाने चिकटवले होते आणि कोऱ्या बाजूवर सुवाच्य अक्षरात रमाचं नाव, वय आणि तारीख लिहिली होती. जाड कार्डाची पत्रिका होती ती. टिकेल म्हणून मुद्दाम निवडली होती.

सत्यशीलाबाईंनी मला सोडलं नाही. "भाऊ, वॅगन साठ टनाची असते. तिले तुमी खुशाल लेबल लावा. हे पंधरा ग्रामचं लेकरू हाय, अन तुमी त्याच्या एका खांद्यावर पोतं ठेवलं!"

रमा हसली. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा. "माया मिठाच्या बरणीवर बी 'मीठ' लिहून ठेवलं हाय यायनं. जसं का मी चहात टाकीन."

"आता कोनी हात लावू नोका," सत्यशीलाबाई उठताना म्हणाल्या. "उद्या बबलूले विचारू. मंग करू."

त्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. तरी शुक्रवारी सकाळी रमा आंघोळीला गेली तेव्हा मी ओल्या कापसाचा बोळा घेऊन टेबलाशी बसलो. चूक माझी होती, ती निदान माझ्या हाताने निघावी असं वाटलं. दुसऱ्या, म्हणजे सात वर्षांपूर्वीच्या डिस्कवरचं लेबल मी कडेने भिजवलं. ते छान सुटत आलं. मला बरंसुद्धा वाटलं. मग ते पूर्ण उचललं, आणि लेबलाच्या मागच्या बाजूला चांदी चमकत होती. डिस्कमध्ये लेबलाएवढी खिडकी पडली होती. तिच्यातून टेबलावरच्या प्लॅस्टिकची फुलं दिसत होती.

न्हाणीत पाण्याचा आवाज थांबला तेव्हा डिस्क सदऱ्याखाली घालून शेजारी गेलो.

सत्यशीलाबाई ओट्यावर पोहे निवडत होत्या. मी डिस्क पुढे केली. त्यांनी ती डोळ्यासमोर धरली आणि खिडकीतून माझ्याकडे पाहिलं.

"तुमी दिसून राहिले," त्या म्हणाल्या.

त्यांनी डिस्क खाली ठेवली.

"दुसरीले हात लावला?"

"नाही."

"खरं सांगा."

"नाही लावला, सत्यशीलाबाई. रमाची शपथ."

"तिची शपथ कायले घेता, तिचंच तर चाललं हाय." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "सिक गाडी सिक लाइनले न्याची सोडून तुमी कटरनं कापली भाऊ. बसा. मले विचार करू द्या."

त्यांनी बबलूला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. बबलू ओरडलाच. "अरे काकाजी! सगळा डेटा वरच्याच बाजूला असतो, लेबलच्या खाली. खाली तो सिर्फ प्लॅस्टिक है! दुसरीवालीला हात नका लावू, बिलकुल नहीं!"

फोन ठेवून त्यांनी सूप पुन्हा पुढे ओढलं. मग विचारलं, "भाऊ, वॅगन एका बाजूनं भरून आली, अन खाली कराले जागा नसली, तर आपन का करत होतो?"

"माल थोडा दुसऱ्या बाजूला ओढायचो."

"अन तेवढ्यानं नाई झालं तर?"

"वेग बांधून द्यायचे. हळू चालवा म्हणून ड्रायव्हरला चिठ्ठी."

"झालं तर मंग," त्या म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. "लेबल काढाचं नाई. तेवढंच वजन समोरच्या बाजूनं लावाचं. अन बबलूले सांगाचं, हळू चालव. ती पत्रिका उरली हाय का?"

मी काही फेकत नाही. पत्रिकेचा उरलेला अर्धा भाग 'लग्नपत्रिका' असं लेबल लावलेल्या फाइलीत होता. तिथून पुढची दुपार आमच्या टेबलावर गेली. रमालाही आता सगळं सांगावं लागलं. खिडकी पडलेली डिस्क तिने उलटसुलट करून पाहिली. उठून कात्री आणून दिली.

मी जुन्या लेबलाएवढा तुकडा कापला. सत्यशीलाबाईंनी तो चिकटपट्टीच्या दोन बारीक तुकड्यांनी समोरच्या बाजूला तात्पुरता धरवला आणि डिस्क पेन्सिलीवर सोडली. जुनं लेबल अजूनही खाली गेलं, पण आता सावकाश. "डिंकाचं बी वजन असते," त्या म्हणाल्या. मी थोडा मोठा तुकडा कापला. आता नवं लेबल खाली गेलं. मग त्यांनी कात्री घेतली आणि कडेने नखाच्या चंद्रकोरीएवढं कापलं. सोडलं. पुन्हा कापलं. सोडलं. रमा चहा घेऊन आली, तो निवला, तिने तो नेऊन पुन्हा गरम केला. किती वेळा कापलं ते मी मोजलं नाही. शेवटी त्यांनी डिस्क जिथे सोडली तिथे ती थांबली. थोडी फिरवून सोडली. तिथेही थांबली. रमाने हात जोडले.

"आता पक्कं करा," सत्यशीलाबाई म्हणाल्या आणि डिंकाची बाटली माझ्याकडे सरकवली.

"मी नको. माझ्या हाताने एक गेली."

"तुमच्यासारखं सरळ मले नाई चिकटवता येत. पहिलं तुमीच लावलं, आता दुसरं बी तुमीच लावा. पातळ लावा डिंक."

उजवा हात डाव्याने धरून मी ते चिकटवलं. जुन्या लेबलावर रमाचं नाव होतं. नव्यावर मी काही लिहिलं नाही, आणि खरं सांगायचं तर लिहायचा मोह झाला होता. डिस्क पंख्याखाली वाळत ठेवली. सत्यशीलाबाई ती सोबत घेऊन गेल्या. "तुमच्याजवळ नाई ठेवत," एवढंच म्हणाल्या.

शनिवारी सकाळी दहाला बबलूने दुकान उघडलं तेव्हा आम्ही तिघं बाहेर उभे होतो. रमा घरी बसायला तयार नव्हती. बबलूने रात्री शोधून ठेवलेला एक छोटा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर घातला. ड्राइव्ह जितका पळू शकतो त्याच्या दहाव्या भागाएवढाच तो पळू देतो, असं त्याने सांगितलं.

"मालगाडी," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"मालगाडी नाही मौसी, बैलगाडी."

"चालन."

डिस्क आत गेली. त्यांनी पेचकस कानाला लावलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. बबलू पडद्याकडे पाहत होता. तो "आ गया" म्हणाला त्याच्या जरा आधी मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं होतं.

चारशे बारा चित्रं होती. बबलूने ती एका पेनड्राइव्हवर उतरवायला लावली. आकडा हळूहळू चढू लागला. दोनशे अडुसष्टवर थांबला. एक मिनिट गेलं. तीन गेली. ड्राइव्ह आत कुरकुरत होता. बबलूचा हात बटणाकडे गेला.

"हात काढ," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"मौसी, अटक गई. बाहेर काढून पुन्हा लावतो."

"अटकली नाई. चालून राहिली हाय, मले आयकू येते. चढावर हाय. तू बाजूले हो."

"पण ड्राइव्ह गरम..."

"होऊ दे गरम. जळला तर मी नवा घेऊन देतो तुले. बस खाली."

बबलू बसला. अकरा मिनिटं त्या तशाच वाकून उभ्या होत्या. त्रेसष्ट वर्षांचं वय, कमरेचा त्रास. रमाने खुर्ची पुढे केली तर मान हलवून नको म्हणाल्या. मी दोनदा म्हणणार होतो की राहू द्या, होईल ते होईल. मग आकडा दोनशे एकोणसत्तर झाला आणि पुढे सरकू लागला.

चारशे सात चित्रं आली. शेवटची पाच आली नाहीत. बबलूने पेनड्राइव्ह रमाच्या हातात दिला आणि मी पैसे काढायला लागलो तर माझा हात खिशातच दाबून धरला. आम्ही ऑटोत बसलो तेव्हा बारा वाजत होते.

डॉक्टरांनी पेनड्राइव्ह लावला. पाच चित्रं नाहीत हे मी लगेच सांगून टाकलं, कारण पुढे कळण्यापेक्षा ते बरं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, ती खालची, पोटाकडची आहेत. मला वरची हवीत. मग पडद्याच्या डाव्या अर्ध्यात आठ वर्षांपूर्वीची छाती आली, उजव्या अर्ध्यात आताची. ते एकेक चित्र सरकवत वर गेले. दोन्हीकडे एकाच जागी पांढरा डाग आला. त्यांनी डावीकडे मोजपट्टी लावली.

अकरा.

उजवीकडे पुन्हा लावली. अकरा.

"आठ साल में हिला नहीं है," डॉक्टर म्हणाले. "जुना व्रण आहे. सोमवारची सुई रद्द. सहा महिन्यांनी एकदा पाहू, बस." मग त्यांनी डिस्क कशी चालली विचारलं. सत्यशीलाबाई दाराशी उभ्या होत्या. "वजन बरोबर केलं साहेब," त्या म्हणाल्या, आणि एवढ्यावर डॉक्टरांना काय समजलं देव जाणे.

बाहेर आल्यावर रमा बाकड्यावर बसली आणि रडली. सत्यशीलाबाईंनी तिला रडू दिलं. मग पर्समध्ये हात घालून खडूचा तुकडा काढला. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी पर्समध्ये खडू होता, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी डिस्कच्या कव्हरवर, डिस्कवर नाही, मोठ्या अक्षरात 'फिट' लिहिलं आणि कव्हर माझ्या हातात दिलं. "घ्या. तुमच्या फाइलीत लावा."

फेब्रुवारीत पुन्हा स्कॅन झाला. डाग तिथेच आहे, तेवढाच.

खिडकी पडलेली डिस्क मी लपवून ठेवली होती. ती रमाला सापडली. परसात पेरूचं झाड आहे, पोपट पेरू ठेवत नाहीत, म्हणून तिने ती दोऱ्याने फांदीला टांगली. उन्हात ती फिरते, लखलखते आणि मध्येच तिच्यातून आभाळ दिसतं. सत्यशीलाबाई सकाळी फुलं न्यायला येतात तेव्हा जाता-जाता तिला एक टिचकी मारतात आणि थांबून ऐकतात.

परवा मी विचारलं, "काय म्हणते?"

"फुटक्या माठासारखी बोलते," त्या म्हणाल्या. "पण पोपट काई आले नाई. चालू द्या."